कोकणातून लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात जाताना सामानात काय न्यावं?

तुमचा प्रश्न असा: रत्नागिरीहून चौघं, सगळे चाळिशीच्या पुढचे, गणपती उरकले की सप्टेंबरच्या अखेरीस निघणार. मुंबईहून विमानाने लेह, तिथून हेमिस उद्यानातल्या रुंबाक गावी होमस्टेत तीन-चार रात्री. 'बर्फासाठी काय काय विकत घ्यावं लागेल?'

मी गुहागरची. तिकडे जाऊन आलेय, म्हणून लिहिते.

बर्फाचं एवढं डोक्यात घेऊ नका. त्या दिवसांत तो बहुधा शिखरांवर, लांबूनच दिसतो. कोकणातल्या माणसाला तिकडे गाठतो तो कोरडेपणा, आणि आपलं सगळं सामान भरलेलं असतं ओलीच्या हिशोबाने. हेमिस उद्यान १९८१ साली झालं, ४,४०० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठं. पण तो डोंगर मान्सूनच्या पलीकडे पडतो. लेहला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस होतो, आपल्याकडे जुलैत एखाद्या दिवशीच तेवढा पडून जातो. हवेत बाष्प नाही, त्यामुळे दिवसाची ऊब धरून ठेवायला काही नाही. आपल्याला समुद्र सांभाळतो, रात्र आणि दिवस यांत फार फरक पडू देत नाही. तिकडे दुपारी शर्टावर फिराल आणि सूर्य कड्याआड गेला की पाच मिनिटांत जाकीट शोधाल.

तेव्हा बाजारात जाण्याआधी घरातलं कपाट उघडा. चार महिन्यांच्या पावसानंतर आपल्या कपाटात काय अवस्था असते ते सांगायला नको. लोकरीचे कपडे, सॅक, टोप्या सगळं दोन दिवस कडक उन्हात टाका. भुरी आली असेल तर झटकून भागत नाही, धुवाच. पिसांचं जाकीट असेल तर ते ओल धरून चपटं झालेलं असतं. उन्हात वाळवून हाताने फुलवलं नाही तर उबेला काही कामाचं नाही.

आणि बूट. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर. ट्रेकिंगच्या बऱ्याच बुटांत तळवा आणि वरचा भाग यांच्यामध्ये मऊ फोमचा थर असतो, पॉलियुरेथेनचा. दमट हवेत तो वर्षानुवर्षं आतल्या आत कुजत जातो, बूट न वापरता नुसता ठेवला तरी. वरून बूट नवाकोरा दिसतो. आमच्या बरोबरच्या एकीने कधीतरी सह्याद्रीत दोनदा वापरून माळ्यावर ठेवलेले बूट आणले होते. रुंबाकच्या वाटेवर जिंगचेनची घळ लागते, तिथून वर चढताना उजव्या बुटाचा तळवा टाचेकडून सुटला आणि दर पावलाला जिभेसारखा लोंबायला लागला. एका घोडेवाल्याने सामानाची दोरी काढून बुटाला तीन वेढे दिले, गाठ वर घोट्यावर मारली, आणि बाई तशाच गावापर्यंत गेल्या. तुमचे बूट जुने असतील तर तळव्याच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबा, मग दोन्ही हातांनी बूट दुमडून बघा. बारीक चिरा दिसल्या किंवा भुगा पडला तर ते बूट बागेत माती उकरायला ठेवा. मोच्याकडे चिकटवूनही टिकत नाहीत, कारण कुजलेल्या फोमला डिंक धरत नाही. नवे घेतले तर आत्ताच घ्या आणि रोज भाट्याच्या पुलापर्यंत चालून या. पायाला चावणारा बूट रत्नागिरीतच कळलेला बरा.

कपड्यांचं फार अवघड नाही. चढताना अंगाला सुती बनियन नको. घाम धरून ठेवतं, आणि थांबलात की वाऱ्याला तेच गार पडतं. खेळाडू घालतात तसला सिंथेटिक टी-शर्ट आत, त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, त्यावर वारा अडवणारं काहीतरी. हे शेवटचं तुमच्याकडे आहेच. पावसाळी जाकीट, स्कूटरवर घालता ते, वारा छान अडवतं. दुपारनंतर तिकडे वारा सुटतोच, म्हणून टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी हवी. रात्रीसाठी जाड जाकीट आणि स्लीपिंग बॅग लेहच्या बाजारात भाड्याने मिळतात, मुंबईत हजारो रुपये घालवू नका. होमस्टेत जाड रजया देतातच. मी काय नेते, तर जुन्या सुती नऊवारीची पिशवीसारखी शिवलेली खोळ. तीत शिरायचं, वरून त्यांची रजई. वजन काहीच नाही, आणि दुसऱ्याच्या अंथरुणात झोपल्यासारखं वाटत नाही.

गॉगल नुसता काळ्या काचेचा चालणार नाही, अतिनील किरण अडवणारा घ्या. जेवढं वर जाल तेवढं ऊन बोचरं. थंडी वाजत असते म्हणून कळत नाही, आणि संध्याकाळी नाकाची सालं निघालेली असतात. ओठांना, नाकपुड्यांच्या आत व्हॅसलीन लावत राहा, नाहीतर सकाळी नाकातून रक्ताचा थेंब आला की घाबरगुंडी उडते. खोबरेल नेणार असाल तर बाटलीतून नेऊ नका. ते चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, तिकडे बाटलीतून बाहेरच येणार नाही. रुंद तोंडाच्या डबीत न्या, बोटाने काढून मलमासारखं लावता येतं.

खाण्याचं आता. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पिशवीत टाकू नका, विमानतळावर काढायला लावतील. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून त्याला धोकादायक मालात धरतात. कोकम आगळाची बाटलीही नको. लेहला हवेचा दाब आपल्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, त्यामुळे बंद बाटल्या गळतात, चिवड्याच्या पिशव्या फुगून टम्म होतात. आगळाऐवजी सुकी आमसुलं न्या. चढताना तोंडात एक धरलं की जिभेला ओल राहते आणि पाणी प्यायची आठवणही होते. आंबापोळी, फणसपोळी, भाजके काजू हे सगळं उत्तम: हलकं, गोठत नाही, सांडत नाही. काजूचं एक पाकीट जास्तीचं घ्या, ज्यांच्या घरी राहाल त्यांना द्यायला. सुकट-बोंबील मात्र घरीच. आपल्याला त्याचा वास येत नाही, बाकी जगाला येतो.

रुंबाक ४,००० मीटरच्या आसपास आहे. तिथे पाणी साधारण ८७ अंशांनाच उकळतं, म्हणून डाळ-भाताला कुकरशिवाय गत्यंतर नाही. घरवाले करून देतात ते खा: भात-डाळ, थुक्पा (शेवयांचं सूप), स्क्यू (कणकेचे तुकडे घातलेला भाज्यांचा रस्सा). पण तिसऱ्या दिवशी कोकणी जिभेला काहीतरी हवं असतंच. त्यासाठी कुळथाचं पीठ आणि मेतकूट न्या. कुळथाची पिठी त्या कमी तापलेल्या पाण्यातही पटकन शिजते. आम्ही घरच्या आमा-लेंना (लडाखीत आईला असं म्हणतात) विचारून त्यांच्या चुलीवर केली. त्यांनी वाटीभर खाल्ली, वर लोण्याचा खारा चहा दिला, आणि पुन्हा मागितली नाही.

पाणी हा मुख्य मुद्दा. घाम येतो तो अंगावरच उडून जातो, त्यामुळे आपल्याला घाम आलाच नाही असं वाटतं आणि तहानही लागत नाही. माणशी दोन लिटरच्या बाटल्या किंवा थर्मास न्या, दिवसाला तीन-चार लिटर पोटात गेलं पाहिजे. विकतच्या प्लास्टिक बाटल्या नकोत. उकळलेलं पाणी घरी भरून देतात.

औषधं तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. समुद्रसपाटीवरून काही तासांत ३,५०० मीटरवर उतरणार आहात. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बीपीच्या गोळ्या असतील तर चार दिवसांच्या जास्त न्या. लेहला पूर्ण दोन दिवस काही करू नका, हॉटेलात लोळा. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. डोकं दुखणं, भूक न लागणं होतं. पण बसल्या जागी धाप लागली, खोकला सुरू झाला किंवा चालताना तोल जायला लागला तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच खाली उतरायचं. लेहला सोनम नोरबू रुग्णालय आहे.

संडासाबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. गावात कोरडे संडास असतात. जमिनीत भोक, शेजारी माती-राखेचा ढीग आणि फावडं. वापरून झालं की दोन फावडी माती टाकायची. त्या भोकात पाणी ओतायचं नसतं, ते खत पुढे शेतात जातं. आपल्याला पाण्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा ओले रुमाल न्या आणि वापरलेले पिशवीत बांधून लेहला परत आणा. रात्री तिथवर जायला डोक्याला लावायची बॅटरी हवी, हात मोकळे राहतात.

मोबाईल: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेड लागतं. चौघांत एक तरी करून घ्या, बाकी गावात रेंजची आशा धरू नका. म्हणजे यूपीआयही नाही. उद्यानाचं शुल्क, होमस्टे, घोडेवाला यांचे पैसे लेहमधूनच रोख काढून न्या, शंभर-दोनशेच्या नोटांत. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, आणि रात्री फोनसकट रजईत घेऊन झोपा, थंडीत बॅटरी उतरते.

दुर्बीण कोणाकडून तरी मागून आणा. हिमबिबळ्या दिसायचा मोसम जानेवारी ते मार्च, तेव्हा त्याची फार आशा नको. पण रुंबाकच्या वरच्या उतारांवर भरल, म्हणजे डोंगरातल्या रानमेंढ्या, कळपाने चरत असतात, आणि ते दगडाच्याच रंगाचे असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनी, एखादं हलेपर्यंत, सापडत नाहीत.

छत्री मात्र राहू द्या घरी.