जुन्या पिकअपचं डिफरन्शिअल आवाज करतंय, इंजिन निळा धूर सोडतंय. दोन्ही पूर्ण करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकने एक फेरी मारली आणि सांगितलं, क्राउन-पिनियन (मागच्या डिफरन्शिअलमधली, चाकांकडे जोर वळवणारी दातेरी जोडी) गेलंय, सोबत इंजिनही पूर्ण करून घ्या. हेच वाक्य मी ऐकलेलं आहे, म्हणून लिहायला बसलो. माझं उत्तर: नाही. मोजमाप दाखवल्याशिवाय कुणालाही काही उघडू देऊ नका.

वडिलांची जुनी पेट्रोल पिकअप होती, ते गेल्यावर मी वापरायला घेतली. ठरावीक वेगाला मागून घूंऽऽ असा आवाज यायचा. अ‍ॅक्सिलरेटर दाबा नाहीतर सोडा, आवाजात फरक नाही. गाडी वर्षानुवर्षं ज्या मेकॅनिककडे जायची त्याने फेरी मारली, उतरला आणि म्हणाला, क्राउन-पिनियन. मी विचारलं, कशावरून? म्हणे, कान सांगतो. दादा लगेच त्याच्या बाजूने. त्याचं म्हणणं, जाड तेल भरू, आवाज दबेल, तेवढ्यात गाडी विकून मोकळं होऊ.

कानाचंच ऐकायचं तर नीट ऐकावं. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर आवाज बदलत असेल तर संशय क्राउन-पिनियनच्या दातांवर. दोन्ही वेळा सारखीच घरघर असेल तर बेअरिंग. फक्त वळताना येत असेल तर आतले छोटे गिअर. गाडी हलकी डावी-उजवीकडे झुलवल्यावर कमीजास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग. आणि निघताना नुसताच ठक्क आवाज येत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हलवून बघा. आमच्या गाडीचं लक्षण सरळ बेअरिंगचं होतं, आणि अख्खा सेट बदलायला निघाले होते!

मी स्वतःच तेल काढलं, झाकण उघडलं. चुंबकावर राखाडी, मऊ चिखल होता. तेवढा चालतो. चमकते पापुद्रे किंवा दाताचे तुकडे निघाले तर गोष्ट वेगळी. काहीही सुटं करण्याआधी क्राउनवर वेगवेगळ्या जागी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं गेज) लावलं: बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, ०.१५ ते ०.१८ मिलिमीटर. हलक्या गाड्यांना साधारण ०.१३ ते ०.२० पर्यंत चालतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. मग दातांना मार्किंग पेस्ट लावून, क्राउनला थोडा अडसर देऊन फिरवलं. ठसा दाताच्या मधोमध, दात गुळगुळीत. शेवटी पिनियनचा फ्लॅन्ज (प्रोपेलर शाफ्ट जोडायची चकती) धरून हलवला तर खेळ हाताला लागला. तिथे हाताला जाणवेल इतका खेळ कधीच नसावा.

पिनियन बाहेर काढल्यावर सीलजवळचं बेअरिंग खड्डे पडलेलं निघालं. ते का गेलं, हे मला आजही सांगावंसं वाटतं, कारण हे कुणी बघतच नाही. अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवर हवा जायला एक बारीकसा ब्रीदर असतो. तो मातीने बुजला होता. गाडी तापली की आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर पडतं. तेल कमी झालं की पुढचं पिनियन बेअरिंग आधी उपाशी मरतं. त्याच मेकॅनिककडे याआधी सील बदललेलं होतं. ब्रीदर मात्र तसाच, आणि नट हवेच्या गनने आवळलेला. म्हणजे प्रीलोड, बेअरिंगवरचा ठरावीक ताण, देवाच्या भरवशावर.

जोडताना पिनियनची दोन्ही बेअरिंगं कपांसह नवी टाकली. आतल्या बेअरिंगची जाडी जुन्याशी ताडून पाहिली, सारखी भरली, म्हणून शिम (पातळ चकती) तीच ठेवली. क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबून प्रीलोड ठरवणारी नळी) नवा घातला. नट थोडा थोडा आवळायचा, दर वेळी फ्लॅन्जला दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढ मोजायची. ओढ जास्त झाली तर नट सैल करून भागत नाही, स्लीव्ह पुन्हा नवाच लागतो. कॅरिअरच्या (क्राउन ज्यावर बसतो त्या भागाच्या) बेअरिंग कॅप काढण्याआधी खुणा करा, डावी उजवीकडे गेली तर सगळं बिघडतं. घूं आवाज गेला.

इंजिनाकडे वळतो. आमची पिकअप सकाळी सुरू केल्यावर थोडा वेळ निळा धूर सोडायची आणि लांब उतार संपून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला की पुन्हा. हे व्हॉल्व्ह सीलचं लक्षण आहे: अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) व्हॅक्यूम वाढतो आणि तेल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली ओढलं जातं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चारही सिलिंडरला जवळपास सारखं, ११-१२ बार. पिस्टनच्या रिंगांचा काही दोषच नव्हता. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवले आणि हेड न काढता सील बदलले. ज्याला फुल इंजिन म्हणत होते ते काम एवढंच होतं.

धूर चढावर सतत येत असेल, ऑइल भरायच्या तोंडातून जोरात वाफ निघत असेल आणि एखादं सिलिंडर कमी दाखवत असेल, तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत). मग बोअर मोजूनच ठरवा. झिजून अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

दादा अजूनही म्हणतो, तुझं नशीब होतं. नशिबाचा काय संबंध? गेजचा काटा मी त्याला दाखवला होता, त्याने बघितला नाही. आणि जाड तेलाने बेअरिंग दुरुस्त होत नाही. थंडीत ते सीलजवळच्या बेअरिंगपर्यंत पोचायलाच वेळ घेतं, म्हणजे ज्याला तेल हवं तेच कोरडं. आवाज दाबून गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारणं तर मला मान्यच नाही, कारण पिनियन बेअरिंग जाम झालं तर मागची चाकं चालत्या गाडीत अडकू शकतात.

म्हणूनच तुमच्या तेलात पापुद्रे निघाले तर गाडी चालवणं आजच थांबवा. दात खरोखर गेले असतील तर मेकॅनिक बरोबर आहे, आणि मग क्राउन-पिनियन जोडीनेच बदलायचं, एकटं कधीच नाही. आधीच झिजलेले दात नव्या बेअरिंगवरही थोडे गाऊ शकतात. अ‍ॅक्सलचं सील गळून ब्रेक शूला तेल लागलं असेल तर शू बदला, धुऊन परत बसवू नका. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं) असेल तर तेलासोबत बहुधा त्याचा अ‍ॅडिटिव्ह लागतो. वरचे कॉम्प्रेशनचे आकडे पेट्रोलचे आहेत. डिझेलचं २५ ते ३० बारच्या आसपास असतं, आणि चमचाभर तेलाचा प्रयोग डिझेलवर करू नका.

तुमची पेट्रोल की डिझेल, हे लिहिलेलं नाही. धूर सकाळी येतो की चढावर, तेही नाही. दोन्ही कळवा.