फिनलंडमध्ये ध्रुवीय प्रकाशाला 'कोल्ह्याची आग' का म्हणतात?

ध्रुवीय प्रकाश म्हणजे ध्रुवाजवळच्या प्रदेशात रात्री आकाशात दिसणारा रंगीत उजेड. फिनिश भाषेत या प्रकाशाला 'रेवोन्तुलेत' म्हणतात. 'रेपो' हा कोल्ह्यासाठीचा जुना शब्द (आज बोलताना 'केत्तु' म्हणतात) आणि 'तुलेत' म्हणजे आगी.

लोककथा अशी: फिनलंडच्या उत्तर टोकाकडच्या लॅपलंडमधल्या बोडक्या डोंगरांवरून एक कोल्हा रात्री सुसाट पळत सुटतो. त्याची झुपकेदार शेपटी बर्फाच्या ढिगांना घासते, ठिणग्या उडतात आणि त्यांनीच आकाश पेटतं. काही कथांत शेपटीच्या फटकाऱ्याने भुरभुरीत बर्फच वर उधळतं आणि चांदण्यात चमकतं. मला ही दुसरी कथा जास्त आवडते, कारण तिच्यात कडाक्याच्या थंडीतला तो कोरडा, पिठासारखा बर्फ दिसतो.

उत्तरेकडच्या सामी लोकांना मात्र या प्रकाशाची भीती वाटायची. त्याच्याकडे बघून शीळ घालायची नाही, त्याला चिडवायचं नाही. नाहीतर तो खाली येऊन माणसाला उचलून नेईल, असं मुलांना बजावलं जाई. त्यांच्या 'गुओव्सहास' या शब्दाचा अर्थ 'ऐकू येणारा प्रकाश' असा सांगतात. आणि खरंच, 2012 मध्ये फिनलंडमधल्या आल्तो विद्यापीठाच्या संशोधकांनी जमिनीपासून सुमारे 70 मीटर उंचीवरून येणारे टाळीसारखे आवाज हा प्रकाश दिसणाऱ्या रात्री नोंदवल्याचं जाहीर केलं.