मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करावा का?

प्रश्न : वाईतील आमचा जुना वाडा सार्वजनिक वाचनालयासाठी दुरुस्त करत आहोत. भिंतींना खालून ओल येते. गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवतात. करावा का?

उत्तर : मुळीच करू नये. विटामातीच्या भिंतीत जोत्यातून चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद झाली, की ओल आत साचते, आणखी वर चढते आणि भिंतीत शिरलेल्या तुळयांची टोके कुजवते. आधी पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढावे, मग मुरवलेला चुना, वाळू व सुरखी म्हणजे भाजल्या विटांची भुकटी यांचा गिलावा पातळ थरांत द्यावा (गूळ-हिरड्याचे पाणी घालण्याची रीत जुनीच). जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. गवंड्यांना घेऊन तो पाहून यावा. पुस्तकांची कपाटे मात्र भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावीत.