तरोटा म्हणा की टाकळा

प्रश्न: मी मूळची रत्नागिरीची, लग्नानंतर नागपूरला आले. पाऊस सुरू झाला की मोकळ्या प्लॉटवर टाकळा उगवतो, इथं सगळे त्याला तरोटा म्हणतात. झाड एकच ना? आणि ही नावं आली कुठून?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर: हो ताई, झाड एकच. कोकणात टाकळा, आपल्याकडे तरोटा, आणि पुढं छत्तीसगडात गेलात की बाजारात चरोटा भाजी मिळते. तरोटा-चरोटा शेजारीशेजारी ठेवून बघा, मला तर हे टाकळ्याचं बिघडलेलं रूप अजिबात वाटत नाही, आपलं नाव पूर्वेकडच्या शेजाऱ्यांशी नातं सांगतं.

संस्कृतात याला चक्रमर्द म्हणतात आणि हे नाव मला फार आवडतं, कारण चक्र म्हणजे इथं अंगावर उठणारा नायट्याचा गोल चट्टा आणि त्याला चिरडणारा तो चक्रमर्द. दुसरं नाव दद्रुघ्न, म्हणजे सरळ सरळ नायटा मारणारा. बिया वाटून नायट्यावर लावायची जुनी पद्धत या नावांत जशीच्या तशी राहिलीय. हिंदीतलं चकवड याच चक्रमर्दावरून आलं.

शास्त्रीय नावाची गोष्ट तर अजून भारी आहे. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 मध्ये याला कॅसिया टोरा म्हटलं, त्यातलं टोरा ना लॅटिन ना ग्रीक, ते श्रीलंकेतलं, सिंहली लोक या झाडाला तोर म्हणतात तेच. पुढं रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने याला ‘सेना’ (Senna) नावाच्या वनस्पतींच्या गटात टाकलं, हा सेना शब्द अरबी ‘सना’वरून आलेला, म्हणून आता सेना टोरा.

भाजीसाठी फुलं यायच्या आधीचा कोवळा पालाच घ्या, भिजवलेली चणाडाळ आणि भरपूर लसूण घालून परता, जून पाला कडसर लागतो आणि चुरगाळला की उग्र वास मारतो. आणि खुडताना पानं नीट बघा हं, तरोट्याला पानांच्या तीन जोड्या असतात, टोकाला गोलसर, शेवटची जोडी सगळ्यात मोठी आणि संध्याकाळी मिटणारी. टोकदार पानांच्या चार-पाच जोड्या दिसल्या तर तो कासविंदा, त्याला काही ठिकाणी रानटाकळाही म्हणतात म्हणून घोळ होतो, पण त्याच्या बिया लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतात, तेव्हा त्याला हात लावू नका.