वाचकांचे प्रश्न : द्वेषाचे गुन्हे आणि सरकारची जबाबदारी

प्रश्न : धार्मिक किंवा वांशिक द्वेष भडकवणाऱ्या भाषणांविरुद्ध अनेक देशांत कडक कायदे आहेत, तरीही द्वेषापोटी होणारे हल्ले थांबलेले नाहीत. मग सरकारच्या या खटाटोपाचा उपयोग काय? शिवाय उद्या हेच कायदे सरकारच्या टीकाकारांवर उगारले जाणार नाहीत, याची हमी कोण देणार?

उत्तर : अशी हमी कोणताही कायदा देऊ शकत नाही, गैरवापराला किती वाव ठेवायचा, एवढे मात्र कायदा करणाऱ्याच्या हातात असते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तालयाच्या पुढाकाराने २०१२ साली मोरोक्कोतील रबात येथे तज्ज्ञांनी एक आराखडा मान्य केला. एखादे भाषण गुन्हा ठरवण्यापूर्वी त्या वेळची परिस्थिती, बोलणाऱ्याचे समाजातील स्थान, त्याचा हेतू, भाषणाचा आशय व स्वरूप, त्याचा प्रसार आणि त्यातून खरोखर हानी होण्याची शक्यता, अशा सहा गोष्टी तपासाव्यात, असे त्यात सांगितले आहे. दोन मित्रांच्या वादात निघालेले एखादे वाक्य आणि तेच वाक्य तणावाच्या काळात मोठ्या नेत्याने जमावासमोर उच्चारणे, यांत या कसोट्यांनुसार जमीन-अस्मानाचे अंतर पडते. सरकारवरील टीका, ती कितीही जहरी असली तरी, त्यात बसतच नाही. जर्मनीने २०१७ साली मोठ्या समाजमाध्यमांना उघडपणे बेकायदेशीर असलेला मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत हटवणे बंधनकारक केले आणि दंडाची मर्यादा ५ कोटी युरोंपर्यंत नेली, तेव्हा दंडाच्या धास्तीने कंपन्या कायदेशीर मजकूरही काढून टाकतील, असा आक्षेप घेतला गेला. तो मला रास्त वाटतो, कारण न्यायालयाने करायचा निवाडा अशाने खासगी कंपनीकडे जातो.

आता उपयोगाबद्दल. आपण भाषणांवर फार बोलतो आणि हल्ल्यानंतरच्या तपासावर फार कमी, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा २२ एप्रिल १९९३ च्या रात्री आग्नेय लंडनमध्ये बसची वाट पाहत असताना गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने भोसकून खून केला. घटनास्थळी आलेल्या पोलिसांनी त्याला प्रथमोपचारही दिले नाहीत आणि त्याच्यासोबतच्या मित्राला पीडित म्हणून वागवले नाही. सर विल्यम मॅकफर्सन यांच्या चौकशी अहवालाने १९९९ साली लंडन पोलीस दलात संस्थात्मक वंशवाद, म्हणजे दलाच्या कामकाजातच रुजलेला वांशिक भेदभाव, असल्याचा ठपका ठेवला. पीडिताला किंवा अन्य कोणालाही जी घटना वंशद्वेषातून घडली असे वाटते, ती तशीच नोंदवली जावी, ही त्या अहवालाची शिफारस मला सर्वांत मोलाची वाटते. त्यामुळे कोणी आपोआप दोषी ठरत नाही. परंतु ‘ही नेहमीचीच मारामारी’ असे म्हणून ठाण्यातल्या अधिकाऱ्याला प्रकरण मिटवता येत नाही. लॉरेन्सच्या दोन मारेकऱ्यांना शिक्षा झाली ती थेट २०१२ साली.

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे दोन मशिदींवर झालेल्या हल्ल्यात ५१ जणांचा बळी गेला आणि हल्लेखोराने त्याचे फेसबुकवरून थेट प्रक्षेपण केले. दोनच महिन्यांनी न्यूझीलंड व फ्रान्स यांच्या पुढाकाराने सरकारे आणि कंपन्या अशा चित्रफिती रोखण्यासाठी एकत्र आल्या, त्याची जगभर चर्चा झाली. चौकशी आयोगाचा २०२० चा अहवाल मात्र तेवढा वाचला गेला नाही. गुप्तचर यंत्रणांचे लक्ष प्रमाणाबाहेर इस्लामी दहशतवादावर एकवटले होते आणि हल्लेखोराला बंदुकीचा परवाना देताना पोलिसांकडून नीट छाननी झाली नव्हती, असे आयोगाने नमूद केले. त्याच वेळी, केवळ योगायोगानेच हा कट आधी उघड झाला असता, हेही प्रामाणिकपणे मान्य केले. म्हणजे प्रत्येक हल्ला रोखता येईल, असे सरकारने सांगू नये आणि आपणही मानू नये. त्या आयोगाने पोलिसांसाठी केलेली सूचना साधी होती : तक्रार घेतानाच द्वेषाचा हेतू पद्धतशीरपणे नोंदवावा, ठाण्यातील कर्मचाऱ्यांना त्याच्या खुणा ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे आणि पीडितांना व साक्षीदारांना काय वाटले हे विचारावे, जेणेकरून शिक्षा ठरवताना न्यायालयाला त्या नोंदीचा आधार घेता येईल.