घोट्याचा आकडा १.४८ आला म्हणजे पाय उत्तम, असं नाही

तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही लिहिलंय: वडील ६८ वर्षांचे, मधुमेहाला १९ वर्षं झाली. नौपाड्यातून निघून तलावपाळीची अर्धी फेरी झाली की उजव्या पोटरीत गोळा येतो, कट्ट्यावर दोन-तीन मिनिटं टेकले की सुटतो. सोसायटीच्या शिबिरात तपासणी झाली: एबीआय (घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा) उजवीकडे १.४८, डावीकडे ०.९४. तिथल्या मुलाने सांगितलं, उजवा एकदम छान, डाव्याकडे जरा लक्ष ठेवा. आणि दुखतोय तो उजवा!

मी ठाण्यात व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या तपासणीच्या लॅबमध्ये २२ वर्षं टेक्निशियन होते. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण हा आकडा निघतो कसा, ते रोजचं हातातलं काम होतं.

माणसाला ५ ते १० मिनिटं आडवं पडू द्यायचं. दंडाला बांधतात तसाच बीपीचा पट्टा घोट्याच्या वर बांधायचा. जेल लावून पेनाएवढा डॉपलर प्रोब (वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं साधन) आधी पावलाच्या वरच्या रोहिणीवर धरायचा, नंतर आतल्या घोट्याच्या मागे. पट्टा फुगवत गेलं की रक्ताचा आवाज बंद होतो. हवा सोडताना पहिला ठोका परत येतो, तो दाब. घोट्याजवळच्या दोन आकड्यांतला मोठा घ्यायचा आणि त्याला दोन्ही दंडांपैकी जास्त असलेल्या दाबाने भागायचं. १ ते १.४ ठीक. ०.९ किंवा खाली म्हणजे रोहिणीत, हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीत, अडथळा. मधलं काठावरचं.

खरी गोम १.४ च्या वर आहे. मधुमेह जुना असला, किंवा मूत्रपिंडं थकलेली असली, की रोहिणीच्या भिंतीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचतं आणि ती नळीसारखी कडक होते. पट्ट्याने दाबून ती सहजी मिटत नाही. वडिलांचं दंडाचं बीपी १४० धरा, तर उजव्या घोट्याला २०७ दाब मोजला गेला. हा रक्ताचा जोर नव्हे, भिंतीचा कडकपणा आहे. आत रक्त किती वाहतंय, याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. डावीकडचा ०.९४ सुद्धा त्याच कारणाने फुगलेला असू शकतो, म्हणून त्यावरही विसंबू नका.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी असा एक १.५ चा रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणून पुढे सरकवला होता. आजोबांच्या टाचेवरची जखम सहा आठवडे भरत नव्हती. आमच्या सीनियर बाईंनी त्यांना परत बोलावून पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यायला लावला. तो निघाला अवघा ३८. त्या दिवसापासून मधुमेहाचा एकही पेशंट मी अंगठा मोजल्याशिवाय सोडला नाही.

तर तुम्ही मागायची तपासणी ही: टो प्रेशर, म्हणजे पायाच्या अंगठ्याचा दाब, आणि त्याला दंडाच्या दाबाने भागून निघणारा टीबीआय. अंगठ्याच्या बारीक रोहिण्या या कडकपणातून बहुतेक वाचलेल्या असतात. अंगठ्याला छोटा पट्टा आणि पुढे प्रकाशाचा सेन्सर, बस. दंडाच्या तुलनेत ०.७ किंवा कमी आलं तर रक्त कमी पोचतंय. नुसता दाब ३० च्या खाली असेल तर जखम भरणं अवघड. मात्र पाय गार असताना मोजला तर आकडा खोटाच कमी येतो. एसीच्या खोलीत नेलं तर पांघरूण मागा आणि पावलं कोमट झाल्यावरच मोजा म्हणावं, संकोच करू नका.

सोबत कलर डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी होईल. इथे फार जणांची फसगत होते: चिठ्ठीवर नुसतं ‘डॉपलर’ लिहिलेलं असतं आणि लोक नीलांचा, म्हणजे व्हीनस रिपोर्ट घेऊन येतात. तुम्हाला ‘आर्टेरिअल, दोन्ही पाय’ हवाय. त्यात आकड्यांपेक्षा लाटेचा, म्हणजे रक्तप्रवाहाच्या आलेखाचा आकार बघा. निरोगी रोहिणीची लाट तीन टप्प्यांची, ट्रायफेजिक असते. वर कुठेतरी अडलं असेल तर खाली एकच बसकी लाट उरते, मोनोफेजिक. आवाजातही ते कळतं: ठसठशीत ठोक्याऐवजी नुसता वाऱ्यासारखा घोंगावता सूर. भिंत कितीही कडक असली तरी लाट सहसा खोटं बोलत नाही.

ट्रेडमिलवर चालवून पुन्हा एबीआय घेतात तो प्रकार, बसल्या जागी आकडे चांगले पण चालताना दुखतं, अशांसाठी. घोट्याचाच दाब फसवा असताना त्याचा उपयोग नाही. आणि शिबिरात तळव्याला थरथर लावून बघतात ती बायोथेसिओमेट्री मज्जातंतूंची संवेदना तपासते. तिचा रक्तपुरवठ्याशी संबंध नाही, तो कागद या फाइलमध्ये मोजू नका.

तपासणी होईपर्यंत दोन गोष्टी अजिबात नकोत: पायाला गरम पाण्याची पिशवी, आणि कुणाच्या सांगण्यावरून आणलेले घट्ट मोजे. रक्त आधीच कमी येत असेल तर ते मोजे घात करतात. रोज रात्री उजेडात बोटांच्या मधल्या जागा बघा. तंबाखू किंवा मशेरी असेल तर ती आजच सुटायला हवी.

झोपेत पाय ठणकून तो पलंगाखाली सोडल्यावरच बरं वाटू लागलं, किंवा बोट काळं पडलं, तर त्याच दिवशी व्हॅस्क्युलर सर्जन. पाय एकाएकी गार, पांढरा पडून दुखू लागला तर तेवढंही थांबू नका, थेट इमर्जन्सीत.

रिपोर्ट आला की अंगठ्याचे दोन्ही दाब आणि घोट्याजवळच्या दोन्ही रोहिण्यांची लाट कशी लिहिली आहे, तेवढं इथे टाका. सर्जनना काय विचारायचं ते आपण मिळून लिहून काढू.