अमेरिकेत सरकारी प्राथमिक शाळा निवडताना फक्त गुणांकन पाहावं का?

नाही. शाळांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर शाळेला १० पैकी किती गुण दिलेत, ते बऱ्याचदा मुलांच्या घरची मिळकतच सांगतं, शाळेतलं शिकवणं नाही. २०१५च्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स' कायद्यानुसार तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची राज्य परीक्षा होते. म्हणजे पाचवीपर्यंतच्या शाळेचा निकाल तीनच इयत्तांवर ठरतो. बालवाडी ते दुसरीचं त्यात काहीच दिसत नाही. म्हणून किती टक्के मुलं 'प्रवीण' (म्हणजे परीक्षेत राज्याने ठरवलेल्या पातळीला पोचलेली) यापेक्षा त्यांची वर्षभरात प्रगती किती झाली, हा आकडा शोधा. बरीच राज्यं तो देतात.

पैशाचं म्हणाल तर मोठा वाटा राज्य आणि स्थानिक करांचा, त्यातही मालमत्ता कराचा. केंद्राचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे शेजारच्या दोन स्कूल डिस्ट्रिक्टमध्येही (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणांमध्येही) फरक पडू शकतो. गरीब मुलं जास्त असतील तर १९६५पासून चालू असलेला 'टायटल वन' निधी मिळतो. हा शब्द दिसला की लोक उगाच बिचकतात. त्या पैशातून वाचनाचे जादा शिक्षकही नेमता येतात. प्रत्येक विद्यार्थ्यामागचा खर्च राज्याच्या रिपोर्ट कार्डवर (म्हणजे शाळांच्या वार्षिक अहवालात) छापावाच लागतो, तो बघा.

इमारत, ग्रंथालय, मैदान प्रत्यक्ष जाऊनच पाहा. आणि पूर्णवेळ नर्स व समुपदेशक आहेत का, हे ऑफिसात आवर्जून विचारा. आपण मंडळी ते हमखास विसरतो.